टाकून दिलेल्याचे कर्म

कर्मसिद्धान्ताची मांडणी करताना भारतीय दार्शनिकांनी दोन दोष कटाक्षाने टाळले आहेत. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळताच नाहीसे होणे हा ‘कृतप्रणाश’ आणि जे केलेच नाही त्याचे फळ पदरी पडणे हा ‘अकृताभ्यागम’ होय. ज्या उपपत्तीत हे दोष शिरतात, तिच्यात न्यायाला जागा उरत नाही, अशी त्यांची धारणा होती. कारखान्यांतून निघणाऱ्या घातक कचऱ्याचा विचार करू लागताच हे दोन्ही दोष जमिनीत आणि पाण्यात प्रत्यक्ष उतरलेले दिसतात, कारण हा कचरा निर्माण करणारा आणि त्याचा परिणाम भोगणारा यांच्यात स्थळाचे व काळाचे मोठे अंतर पडते.

जो कचरा ज्वलनशील, क्षरणकारी, विषारी किंवा इतर पदार्थांशी तीव्र प्रतिक्रिया करणारा असतो, त्याला घातक कचरा म्हणतात. येथे धोका आणि जोखीम यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. धोका पदार्थाच्या अंगी असतो. जोखीम मात्र तो पदार्थ किती मात्रेत, कोणत्या वाटेने आणि किती काळ सजीवांच्या संपर्कात येतो यावर ठरते. ही वाट खुली ठेवायची की बंद करायची हे माणूस ठरवतो, आणि म्हणूनच जोखमीचा प्रश्न रसायनशास्त्रापाशी न थांबता नीतिशास्त्रात येऊन पोहोचतो.

भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. परंतु त्या रात्रीच्या कितीतरी आधीपासून कारखान्याचा कचरा आवारातील खड्ड्यांत आणि बाहेरील बाष्पीभवन तळ्यांत टाकला जात होता. पुढे भोवतालच्या वस्त्यांचे भूजल दूषित असल्याचे आढळले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला तेथे शुद्ध पाणी पुरवण्याचे निर्देश द्यावे लागले. आवारात साठवलेला कचरा जाळण्यासाठी अंकलेश्वर, नागपूर आणि जर्मनी असे पर्याय पुढे आले व विरोधामुळे मागे पडले. अखेर २०२५ च्या जानेवारीत ३३७ टन कचरा धार जिल्ह्यातील पीथमपूरला नेण्यात आला, तेथेही लोकांनी तीव्र विरोध केला आणि जूनअखेर तो जाळून संपवण्यात आला. प्रक्रियेत चुना मिसळावा लागल्यामुळे जळून उरलेल्या अवशेषांचे वजन मूळ कचऱ्याहून अधिक भरले. नाश म्हणजे वस्तूचे शून्य होणे नव्हे, ती केवळ रूप पालटते, हे सांख्यांचे मत येथे अक्षरशः खरे ठरते. हे अवशेषही कुठेतरी सुरक्षित पुरून त्यांच्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते.

दूषित पाणी पिणाऱ्यांचे दुःख हे त्यांचेच प्रारब्ध, म्हणजे पूर्वकर्मांचे फळ द्यायला लागलेले संचित आहे, असे समाधान कोणी सुचवील. हे समाधान स्वीकारणे म्हणजे कर्मसिद्धान्ताचा विपर्यास करणे होय. भोगणाऱ्याचे पूर्वकर्म काहीही असले तरी विष टाकणाऱ्याचे कर्म त्यामुळे पुसले जात नाही. उलट, दुसऱ्याच्या प्रारब्धाकडे बोट दाखवून स्वतः सुटू पाहणारा नेमका कृतप्रणाशच मागत असतो. स्वतःच्या आचरणाची झडती घेण्यासाठी दिलेला सिद्धान्त दुसऱ्याच्या वेदनेवर निकाल देण्यासाठी वापरणे हा अधर्म आहे.

कायद्याने यातील एका दोषावर उपाय शोधला आहे. राजस्थानातील बिछडी गावाच्या विहिरी रासायनिक कारखान्यांच्या कचऱ्याने निकामी झाल्या, त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच त्याचा खर्च सोसावा हे तत्त्व लागू केले, म्हणजे कर्माचे फळ कर्त्याकडे परत नेले. मात्र नासलेली विहीर आणि खालावलेले आरोग्य दंडाच्या रकमेने पूर्ववत होत नाही. अकृताभ्यागम एकदा घडला की तो मागे घेता येत नाही, तो केवळ आधी टाळता येतो.

या ‘आधी’चा विचार जैन आचारधर्माने विलक्षण सूक्ष्मतेने केला आहे. जैन मुनींसाठी पाच समिती सांगितल्या आहेत. समिती म्हणजे येथे जागरूकपणे केलेले वर्तन. चालणे, बोलणे, भिक्षा घेणे आणि वस्तू उचलणे-ठेवणे यांच्या जोडीने पाचवी ‘उत्सर्ग समिती’ येते, जिच्यानुसार शरीरातील मळसुद्धा जीवजंतू नसलेली जागा नीट पाहूनच टाकावा लागतो. ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्याही प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, जोडलेली आहे. त्यामुळे ‘मारण्याचा हेतू नव्हता’ एवढ्याने कोणी निर्दोष ठरत नाही. पाहणे शक्य असताना न पाहणे हाच दोष होय.

एका मुनीकडून मूठभर मळाबाबत अपेक्षिलेली ही दक्षता शेकडो टन विष निर्माण करणाऱ्या उद्योगाकडून आणि त्या उत्पादनांचा लाभ घेणाऱ्या समाजाकडून अपेक्षू नये, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. घेण्याइतकेच टाकणे हेही कर्म आहे. म्हणून एखादे रसायन बनवावे की नाही, हा निर्णय त्याचा अवशेष कोणाच्या जमिनीत आणि कोणाच्या पाण्याशेजारी राहील याचे उत्तर मिळाल्याशिवाय धर्म्य ठरू शकत नाही.