रिपोर्ट नॉर्मल आल्यावर

सकाळी सातला पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर उपाशीपोटी बसलेल्या माणसांमध्ये हल्ली एखादा असा तरुण असतो, ज्याला ना ताप ना खोकला. कशात मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, जेवण जात नाही, म्हणून तो डॉक्टरांकडे गेलेला असतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर सीबीसी, टीएसएच, बी-१२, साखर असं लिहून दिलेलं असतं. संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. वडील चष्मा लावून एकेक आकडा शेजारच्या मर्यादेशी ताडून बघतात. टीएसएच २.१. हिमोग्लोबिन १४.२. ठळक अक्षरात काहीच छापलेलं नाही. आणि मग मनात काही वाईट नसताना त्यांच्या तोंडून निघून जातं, "सगळं नॉर्मल आहे की रे. मग तुला झालंय तरी काय?"

तो मुलगा काय उत्तर देणार? एखादा तरी आकडा लाल यावा, असं त्यालाही आतून वाटत होतं. तसा आला असता तर घरात कोणी शंका घेतली नसती.

या तपासण्या कशासाठी असतात, ते नीट समजून घ्यायला हवं. थायरॉइड मंदावलं, बी-१२ फार खाली गेलं किंवा रक्त कमी झालं की माणसाचा उत्साह जातो, थकवा येतो, डोकं चालेनासं होतं. वरवर बघता ते नैराश्यासारखंच दिसतं. म्हणून डॉक्टर आधी हे बघून घेतात, आणि ते बघायलाच हवं. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ एवढाच, की ही कारणं नाहीत. नैराश्य नाही, असं तो कागद कुठेही म्हणत नाही. नैराश्याचं निदान करून देणारी रक्ताची तपासणी आज जगातल्या कुठल्याच लॅबमध्ये रोजच्या वापरात नाही.

प्रयत्न पुष्कळ झाले. आपण झोपेतून उठलो की अर्ध्या-पाऊण तासात रक्तातलं कॉर्टिसॉल झपाट्यानं चढतं. शरीराला दिवसाच्या कामासाठी उभं करणारं हे संप्रेरक. तीव्र नैराश्य असलेल्या अनेकांमध्ये त्याचं चक्र बिघडलेलं सापडतं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना सकाळ सगळ्यात जड जाते आणि दिवस कलला की थोडं हलकं वाटतं. "रात्री तर चांगला बोलत होतास, आता उठायला काय होतंय?" असं आपण म्हणतो, तेव्हा हे आपल्याला ठाऊकच नसतं. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कॉर्टिसॉलवर आधारलेली एक तपासणी पुढे आणली. रात्री डेक्सामेथासोनची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल दबलं का ते मोजायचं. मानसोपचाराला अखेर स्वतःची लॅब टेस्ट मिळाली, असं काही काळ वाटलं. पण आजारी असलेल्या साधारण निम्म्या लोकांत ती काहीच दाखवत नव्हती आणि इतर आजारांतही बिघाड दाखवत होती. ती मागे पडली.

नैराश्याचं मूळ शरीरात शोधण्याच्या या खटाटोपातला एक धागा तर थेट मुंबईतून गेलेला आहे. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या औषधात होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन त्याचा परिणाम मोजला आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यावर निबंध लिहिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेझरपीन वेगळं काढलं गेलं आणि जगभर रक्तदाबासाठी वापरलं जाऊ लागलं. मग डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं, की हे औषध घेणारी काही माणसं खोल निराशेत जात आहेत. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत सशांवर दिसलं, की रेझरपीन मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड घेणारे रुग्ण अचानक हसू-बोलू लागले होते, आणि ते औषध नेमकं उलटं काम करत होतं. सेरोटोनिनसारखी रसायनं मेंदूत टिकवून धरत होतं. दोन्ही गोष्टी जुळल्यासारख्या वाटल्या आणि 'सेरोटोनिन कमी पडलं म्हणजे नैराश्य' हे उत्तर रूढ झालं.

या उत्तरानं एक मोठं काम केलं, ते मला विसरायचं नाही. दोष माणसाच्या स्वभावावरून उतरला. तू कमकुवत आहेस म्हणून नव्हे, तुझ्या मेंदूत एक रसायन कमी आहे म्हणून असं होतंय, हे ऐकून कित्येकांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. पण उत्तर फार सोपं होतं. २०२२ मध्ये अनेक दशकांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा सेरोटोनिनच्या कमतरतेचा ठोस पुरावा त्यात सापडला नाही. लगेच काही जण म्हणू लागले, म्हणजे नैराश्यावरच्या गोळ्याही खोट्या. तसं होत नाही. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी पडलं होतं असं कोणी म्हणत नाही.

मेंदूच्या रचनेचंही असंच आहे. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. स्मरणाचं पुष्कळसं काम तिथे चालतं आणि कॉर्टिसॉलला आवर घालण्यातही त्याचा हात असतो. १९९६ मध्ये सेंट लुईसच्या इव्हेट शेलाइन यांना वारंवार नैराश्य आलेल्या स्त्रियांमध्ये तो लहान झालेला दिसला. पुढे अनेक देशांतले एमआरआय एकत्र करून १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसं यांची तुलना केली गेली. २०१६ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात फरक खरा निघाला, पण सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास. आजार ज्यांना पुन्हापुन्हा झाला किंवा लहान वयात सुरू झाला, त्यांच्यात तो जास्त स्पष्ट होता. एवढासा फरक हजारोंच्या सरासरीत दिसतो. एका माणसाचा स्कॅन हातात धरून 'याला नैराश्य आहे' किंवा 'नाही' असं कोणालाही सांगता येत नाही. त्यामुळे घाबरून हजारो रुपये खर्चून एमआरआय काढून आणणाऱ्यांनाही बहुतेक वेळा 'नॉर्मल' हाच शब्द मिळतो.

आजार शरीरातही असतो, याबद्दल मात्र शंका उरलेली नाही. हेपटायटिस-सीसाठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. शरीरातली सूज वाढवणारं ते औषध सुरू झालं, की काही आठवड्यांत चारातल्या साधारण एका रुग्णाला नैराश्य यायचं. नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे पाव जणांच्या रक्तात सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं सापडतं. २०१३ मध्ये अटलांटातल्या डॉक्टरांनी औषधांनी गुण न आलेल्या ६० जणांवर सूज उतरवणारं इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर काहीच फायदा नव्हता. ज्यांचं सीआरपी आधीच जास्त होतं, त्यांना मात्र गुण आल्याची चिन्हं होती. यावरून मला वाटतं, की आपण ज्याला एकच नाव देतो ते आजार अनेक असावेत. कोणाचा रक्तातल्या सुजेशी जोडलेला, कोणाचा कॉर्टिसॉलशी, कोणाचा लहानपणी सोसलेल्या गोष्टींशी. अशा वेळी एका आकड्याची वाट पाहत माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचं लांबवणं मला फार क्रूर वाटतं. आजही निदान त्याच्याशी बोलूनच होतं: झोप, भूक, रस, थकवा, अपराधीपणा, मरणाचे विचार, आणि हे सगळं किमान दोन आठवडे टिकलंय का.

उपचार सुरू झाल्यावर घराची आणखी एक परीक्षा असते. गोळीनं सेरोटोनिनचं गणित काही तासांतच बदलतं, पण बरं वाटायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. मेंदूच्या पेशींमध्ये नव्या जोडण्या व्हायला हा वेळ जात असावा, असं अनेक संशोधकांचं मत आहे. गोळी सुरू झाल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तोवर रोज सकाळी "आज बरं वाटतंय का?" हा प्रश्न विचारू नका. चहा द्या, हवं तर न बोलता शेजारी बसा. आठवड्यानं गुण नाही म्हणून कोणी गोळ्या मनानं बंद करत असेल, तर आधी डॉक्टरांना फोन लावा. आणि त्याच्या बोलण्यात मरणाचा विषय आला, तर "असं बोलू नये" म्हणून तो दडपू नका. सरळ विचारा, त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ हा नंबर फिरवा. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.