‘ट्रँक्विलिटी’ : लाभलेली आणि राखलेली

‘ट्रँक्विलिटी’ या इंग्रजी शब्दाचा मराठी विचारविश्वाशी संबंध दोन वाटांनी आला. ‘लिरिकल बॅलड्स’च्या १८०० सालच्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत वर्ड्स्वर्थने तो काव्यनिर्मितीच्या संदर्भात योजला, तेथे तो भावनेच्या स्मरणाला अनुकूल अशा मनःस्थितीचा वाचक आहे. दुसरी वाट १८६० च्या भारतीय दंडसंहितेची. तिच्या आठव्या प्रकरणाच्या शीर्षकात तोच शब्द ‘सार्वजनिक’ या विशेषणासह आला, आणि पाच वा अधिक व्यक्तींच्या बेकायदेशीर जमावाची व्याख्या त्याच प्रकरणात झाली. २०२४ मध्ये ही संहिता गेली. संज्ञा मात्र नव्या न्याय संहितेतही राहिली.

मराठीने हा अर्थभेद क्रियापदांत जपला आहे. शांती लाभते, शांतता राखली जाते, पाळली जाते, भंग पावते. शांतीला अनुभवणारा लागतो, शांततेला राखणदार पुरतो. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या शीर्षकातील शब्द तर वर्णन नव्हे, आज्ञाच आहे. आणि ती कोणाचे बोलणे थांबवते, हाच त्या नाटकाचा विषय.

प्रश्न नैतिक होतो तो येथे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत ‘शांतता’ हे स्थगितीचे समर्थन होऊन बसले. या समर्थनाचे तर्कशास्त्र तपासण्याजोगे आहे : त्यात मागणी करणारा आणि आग लावणारा, दोघेही सारखेच ‘शांततेला बाधक’ ठरतात. शब्द कर्ता विचारत नाही. जमाव तेवढा मोजतो. शिवाय १९७८ पूर्वीच्या गावगाड्यातील निमूटपणालाही तो शांतताच म्हणतो. ती कोणाला लाभली होती, हा प्रश्न ‘राखणे’ या क्रियापदाच्या कक्षेत येतच नाही. अभिनवगुप्ताने शांतरसाच्या मुळाशी तत्त्वज्ञान मानले. ज्ञानाला वगळून नुसता निःशब्दपणा उरला, तर त्याला ‘शांत’ म्हणणे रसचर्चेलाही मान्य होणार नाही.

विद्यापीठाच्या शेजारीच नागसेनवन आहे. तेथील महाविद्यालयाला आंबेडकरांनी मिलिंदाचे नाव दिले. पाली ग्रंथातला हा राजा भिक्षू नागसेनाला एकामागून एक प्रश्न विचारीत राहतो, आणि त्याला गप्प बसवण्याचा विचार नागसेनाच्या मनात येत नाही.