रिकाम्या जागेचा कार्यभार

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना बदलीचा हुकूम नवा नाही. सामान बांधावयाचे, किल्ल्या आणि दप्तर मोजून द्यावयाचे, कार्यभार सोपविल्याच्या कागदावर सही करावयाची आणि गाडी गाठावयाची. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर दुसरा गृहस्थ बसतो व कचेरीचे काम अडत नाही. माणूस बदलतो, पद टिकते, हे तत्त्व या अनुभवाने आपल्या मनात नकळत रुजते. नम्रता शिकण्यापुरते ते चांगलेच आहे. परंतु सृष्टीलाही आपण तेच लावू लागलो म्हणजे एक अवघड प्रश्न उभा राहतो. समुद्रातील एखादा जीव नाहीसा झाला आणि त्याचे काम दुसऱ्याने उचलले, तर खरोखर काही हानी झाली असे म्हणावयाचे काय?

कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटाचा दाखला या बाबतीत विचार करण्याजोगा आहे. तेथील प्रवाळभित्तींवर शैवाल सारखे वाढू पाहते. ते वेळच्या वेळी खाल्ले गेले नाही, तर प्रवाळाच्या नव्या पिढीला बूड टेकावयासही जागा उरत नाही. हे खाण्याचे काम पूर्वी पोपटमाशांसारखे शाकाहारी मासे आणि लांब काळ्या काट्यांचा डायाडेमा नावाचा सागरी अर्चिन, असे दोघे मिळून करीत. पुढे अतोनात मासेमारीमुळे हे मासे विरळ झाले. तरीही प्रवाळभित्ती शैवालाखाली गेल्या नाहीत, कारण अर्चिन विपुल होते आणि माशांच्या वाट्याचे कामही तेच ओढीत होते. पाहणाऱ्यास सारे यथास्थित भासे. मग १९८३ साली पनामाच्या बाजूने अर्चिनांमध्ये रोगाची साथ सुरू झाली व वर्षभराच्या सुमारास ती जवळजवळ साऱ्या कॅरिबियन समुद्रात पसरली. जमैकाचे बहुतेक सर्व अर्चिन तीत मेले. १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ आधीच मोडले होते; आता ती झीज भरून निघेना. टेरेन्स ह्यूजेस या शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, १९७७ मध्ये तळाचा सुमारे ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता, तो १९९३ पर्यंत ३ टक्क्यांवर आला. आणि शैवाल ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले.

येथे कोणतीही जात समूळ नष्ट झाली नव्हती. संख्या मात्र इतकी घटली की त्या जातींचे कार्य नष्ट झाले. खरी हानी मासे गेले तेव्हाच झाली होती. तिचा भार वाहणारा कोणी होता, म्हणून ती आपल्या ध्यानी आली नाही, इतकेच. बदली मिळाला म्हणजे ऋण फिटले असे नव्हे.

यावर कोणी व्यवहारी मनुष्य म्हणेल, की मग प्रत्येक कामाला दोन-तीन जीव राखून ठेवा म्हणजे झाले. सल्ला शहाणपणाचा आहे. परंतु कोणाचे काम काय, हे आपणास ठाऊक आहे असे तो गृहीत धरतो. १७४१ साली बेरिंगची मोहीम ज्या बेटावर जहाज फुटून अडकली, तेथे गेओर्ग स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाने उथळ पाण्यात केल्प नावाचे शैवाल खाणारी, बिनदातांची, सात मीटरांहून लांब अशी समुद्रगाय पाहिली. १७६८ पर्यंत, म्हणजे अवघ्या सत्तावीस वर्षांत, शिकाऱ्यांनी ती संपविली. तिला जिवंत पाहणारा शास्त्रज्ञ स्टेलर हा एकटाच. तिच्या चरण्याने त्या शैवालवनात किती प्रकाश उतरत असेल, खाली काय वाढत असेल, याचा आता केवळ तर्क करावयाचा. तिच्या कामाची यादी करण्यापूर्वीच आपण तिला काढून टाकले.

आणि ती यादी पुरी झाली असती, तरी प्रश्न संपला नसता. समुद्रात पदे आधी निर्माण होऊन मागाहून त्यांवर जीव नेमले गेले नाहीत. जीव जगत गेला आणि त्याच्या जगण्यातूनच ते पद घडले. म्हणून त्याचे मोल केवळ त्याच्या कामावरून ठरविणे उलट्या बाजूने हिशेब करण्यासारखे आहे. कचेरीत आपली जागा दुसरा घेतो हे आपण शांतपणे मान्य करतो; घरी मात्र कोणी तसे म्हटलेले आपणास सोसणार नाही. वडील गेल्यावर थोरला मुलगा संसार चालवितो, म्हणून वडिलांसाठी रडणाऱ्यास कोणी वेडा ठरवीत नाही. सृष्टीकडे आपण आजवर कचेरीच्या नजरेने पाहत आलो. तिच्यात थोडी घराची नजर मिसळणे, हे माझ्या मते आपले कर्तव्य आहे.

स्टेलरच्या समुद्रगायीची एक नातलग, डुगाँग, आजही भारताच्या किनाऱ्यालगत आहे. मन्नारचे आखात, पाल्कचा उपसागर, कच्छचे आखात आणि अंदमान येथे ती थोड्या संख्येने उरली आहे व समुद्रतळीच्या गवतावर चरते. तमिळनाडू सरकारने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात तिच्यासाठी ४४८ चौरस किलोमीटरांचे संरक्षित क्षेत्र जाहीर केले. आपल्यापैकी कोणाची नेमणूक त्या किनाऱ्यावर असेल, तर सायंकाळी फिरावयास गेल्यावर ती दिसण्याचा संभव फारच थोडा. तरीही ती तेथे आहे, आणि तिच्या जागेचा कार्यभार अद्याप कोणाकडेही सोपवावा लागलेला नाही. तो सोपवावा लागू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.