पुराण नसलेलं शहर

‘स्कायरिम’ या २०११च्या गेममधल्या शहरांना जन्मतःच पूर्वकथा मिळते. उल्हासनगरला ती मिळाली नाही. शेजारच्या अंबरनाथला १०६०चं शिलाहारकालीन शिवालय आहे. शिवाय पांडवांनी ते एका रात्रीत बांधल्याची आख्यायिका. उल्हासनगरात होत्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ साली शहराला नाव मिळालं. पत्त्यात मात्र आजही ‘कॅम्प नं. ३’.

पुराणच नसेल, तर मग पावित्र्य जमिनीचं की माणसांचं?

सिंधूकाठ सुटला, सिंधींचं दैवत झूलेलाल सुटला नाही. त्याचं चालिहो हे चाळीस दिवसांचं व्रत इथेही चालतं. बहराणा म्हणजे झूलेलालच्या पूजेची थाळी: कणकेच्या गोळ्यावर ज्योत, सोबत लवंग, वेलची, खडीसाखर. शेवटी पाण्यात विसर्जन. दैवत माणसांबरोबर आलं आणि बराकींची जागा क्षेत्र झाली, असंच म्हणावं लागेल.

चालिहोच्या दिवसांत अंबरनाथचं शिवालय पाहायला जाल, तेव्हा उल्हासनगरलाही उतरा.