माघार आणि सबब

माघार ह्या शब्दाला आपल्याकडे चांगला अर्थ उरलेला नाहीं. महाडच्या ज्या मुलुखांत मी राहतों त्याच्या एका अंगाला रायगड आहे आणि दुसऱ्या अंगाला, पोलादपूर तालुक्यांत, तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ. तेव्हां येथील मुलांना शौर्याची व्याख्या शिकवावी लागत नाहीं; ती त्यांना घरींच मिळते, आणि तींत परत फिरण्याला जागा नसते. ज्या कोंढाण्यासाठीं १६७० सालीं तानाजी पडले, तो किल्ला १६६५ च्या पुरंदरच्या तहांत खुद्द शिवाजीमहाराजांनीं इतर बावीस किल्ल्यांसह मोंगलांच्या हवालीं केला होता, हेंहि त्याच मुलांना शाळेंत सांगतात. परंतु पोवाड्यांत रंगतो तो कोंढाणा घेण्याचा प्रसंग, देण्याचा नव्हे.

परत फिरणारा मनुष्य भित्रा कीं विवेकी, हें ठरवावयाचें कशावरून? उदाहरण घेतों तें दूरचें आहे. निकी लाउडा हा मोटार-शर्यतींतील ऑस्ट्रियन चालक १९४९ सालीं व्हिएन्नांत जन्मला आणि २०१९ सालीं वारला. तो ज्या फॉर्म्युला वन शर्यतींत उतरे तेथील मोटारीला छप्पर नसतें, चाकें उघडीं असतात, आणि त्या काळीं चालकाचें डोकें शिरस्त्राणाखेरीज कशानेंहि झांकलेलें नसे. घरच्यांचा विरोध असतां कर्ज काढून तो ह्या धंद्यांत शिरला व १९७५ सालीं जगज्जेता झाला. १ ऑगस्ट १९७६ रोजीं जर्मनींतील न्यूरबुर्गरिंग ह्या, रानांतून जाणाऱ्या सुमारें २३ किलोमीटरांच्या मार्गावर शर्यत होती. येथें धांवूं नये, असें लाउडानें सहकाऱ्यांस आधींच विनविलें होतें. बहुमत विरुद्ध पडलें आणि तो इतरांबरोबर धांवला. दुसऱ्याच फेरींत त्याची मोटार आदळून पेटली. चौघां सहचालकांनीं त्याला ज्वाळांतून ओढून काढलें. तोंड भाजलें, विषारी धुरानें फुप्फुसें होरपळलीं, अंतकाळचे संस्कार करण्यास पाद्री येऊन गेला. सहा आठवड्यांनीं, जखमा ओल्या असतांनाच, तो इटलींत मोंझाच्या शर्यतींत उतरला आणि चौथा आला.

येथपर्यंतचा भाग पोवाड्याला योग्य आहे. त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला जपानांत फुजी येथें अखेरची शर्यत होती. जेम्स हंट ह्या इंग्रज प्रतिस्पर्ध्याहून लाउडा तीन गुणांनीं पुढें होता. पाऊस आणि धुकें इतकें कीं पुढील गाडीच्या चाकांनीं उडविलेल्या पाण्यापलीकडे कांहीं दिसेना. दोन फेऱ्या होतांच लाउडानें मोटार बाजूस आणली आणि तो खालीं उतरला. इंजिन बिघडलें असें जाहीर करूं, असें त्याच्या फेरारी पथकाच्या अभियंत्यानें सुचविलें. लाउडानें तें नाकारलें. आपण आपल्या निर्णयानें थांबलों, हेंच त्यानें सांगितलें. आणखीहि कांहीं चालक त्या दिवशीं थांबले, पण त्यांच्यापाशीं गमावण्याजोगें जगज्जेतेपद नव्हतें. पुढें पाऊस ओसरला, हंट तिसरा आला, आणि एका गुणानें अजिंक्य ठरला.

फळावरून न्याय करणारे म्हणतील कीं लाउडा चुकला. हंट त्या दिवशीं मेला असता तर हेच लोक लाउडाला द्रष्टा म्हणाले असते. म्हणजे त्यांचा न्याय पावसाच्या हातीं आहे. दुसरा एक युक्तिवाद अधिक गोड आहे: ज्यानें आगींतून परत येऊन धैर्य सिद्ध केलें, त्याला एकदां थांबण्याचा अधिकार आहे. हें मला मुळींच पटत नाहीं. मग जो भाजला नाहीं त्यानें थांबूंच नये काय?

मला मोल वाटतें तें नाकारलेल्या सबबीचें. ती निरुपद्रवी दिसते, पण तिचा ठपका कोणावर पडला असता? रात्र-रात्र जागून तें इंजिन जुळविणाऱ्या कारागिरांवर. आपल्याकडे संस्थांचे राजीनामे बहुधा प्रकृतीच्या कारणास्तव दिले जातात. महाराष्ट्रांतील सार्वजनिक मंडळींची प्रकृति इतकी नाजूक असेल असें वाटत नाहीं.

अर्थात् खरें बोललें म्हणजे सर्व झालें, असेंहि नाहीं. लाउडानें १९७७ सालीं पद परत मिळविलें. पण १९७९ सालीं मॉन्ट्रियलला सराव चालू असतांच, ह्या खेळाचा कंटाळा आला म्हणून तो शर्यत सोडून गेला. तेंहि त्यानें उघड सांगितलें. तरी ती माघार मला फुजीइतकी निर्मळ वाटत नाहीं. तेथें जिवावर बेतलें नव्हतें, आणि मालकाला ऐन वेळीं दुसरा चालक शोधावा लागला. १९८२ सालीं तो परतला, १९८४ त अर्ध्या गुणानें पुन्हां जगज्जेता झाला, आणि १९८५ सालीं कायमचा निवृत्त झाला.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरांत कोसळला आणि दोन एस्. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पुढें पूल उरला नाहीं हें त्या चालकांना अंधारांत कळण्यास मार्गच नव्हता. त्यांच्यापुढें हा प्रश्न आलाच नाहीं. तो येतो ज्याला पाणी दिसतें त्याच्यापुढें. श्रावणांत एखाद्या ओढ्यावरून पाणी वाहत असतां चालक गाडी अलीकडे उभी करतो, आणि मागून घड्याळें दाखविलीं जातात. इंजिन तापलें आहे असें त्यानें म्हटलें तर प्रवासी कुरकुरत कां होईना, बसून राहतात. मला भय वाटतें, असें म्हणाला तर त्याचें नांव आणि बिल्ल्याचा नंबर विचारतात.