रक्त देणे आणि रक्त राखणे

ईद-ए-मिलादला जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांत आता जुलूसाबरोबर रक्तदान शिबिरेही होतात. तरुण रांगा लावतात, याचा आम्हाला अभिमान वाटतो. रक्त खाणे हराम. पण जीव वाचवण्यासाठी ते दुसऱ्याला देणे बहुतेक उलेमांनी जायज मानले आहे. तो प्रश्न आमच्यापुरता मिटला. आम्हाला सतावतो तो पुढचा प्रश्न. दिलेले रक्त जपून वापरणे, आणि मुळात ते लागूच नये म्हणून झटणे, हीसुद्धा नेकी नाही काय?

हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला. काही वर्षांपूर्वी खालाचे गर्भाशयाचे ऑपरेशन धुळ्यात ठरले. हिमोग्लोबिन साडेसात. आम्ही आठ भाचे जीप करून जळगावहून निघालो, रक्त द्यायला. डॉक्टरबाईंनी मात्र ऑपरेशनच सहा आठवडे पुढे ढकलले. रक्तस्राव थांबवणारी औषधे दिली, शिरेतून लोह दिले. आम्ही चिडलो. "आम्ही रक्त द्यायला तयार आहोत, मग थांबायचं कशाला?" त्यांनी उलट विचारले, "दोन वर्षं यांचं रक्त जात होतं. घरात कोणाला ठाऊक होतं?" आम्ही खाली मान घातली. खालाने लाजेपोटी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते. सहा आठवड्यांनी ऑपरेशन झाले. बाहेरच्या रक्ताचा थेंबही लागला नाही.

रक्त न चढवता शस्त्रक्रिया करण्याच्या विद्येला चालना मिळाली ती एका नकारातून. 'यहोवाचे साक्षीदार' हा ख्रिस्ती पंथ रक्त घेणे धर्माविरुद्ध मानतो. अमेरिकेतले सर्जन डेंटन कूली यांनी या पंथाच्या रुग्णांवर रक्त न देता हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि १९७७ साली अशा ५४२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्या पंथाची भूमिका आम्हाला पटत नाही. पण त्यांच्या हट्टामुळे डॉक्टर काटकसर शिकले, हे मान्य केले पाहिजे. आधी रक्तक्षय बरा करायचा, कापताना रक्तवाहिनी लगेच बंद करायची, सांडलेले रक्त यंत्राने गोळा करून, धुऊन त्याच रुग्णाला परत द्यायचे. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे औषध तर स्वस्त आहे. २०१७ साली सुमारे २०,००० बाळंतिणींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अतिरक्तस्राव होत असताना प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत हे औषध दिले, तर त्यापायी होणारे मृत्यू जवळपास एक-तृतीयांशाने घटतात, असे त्यात दिसले.

कोणी म्हणेल, म्हणजे रक्तदान बंद करायचे? मुळीच नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त लागतेच. महामार्गावरच्या अपघातात आणि सातपुड्यातल्या सिकलसेलच्या रुग्णाला अडीअडचणीला तेच तारते. बाटली टिकते पाच-सहा आठवडे. खालाची वाचलेली बाटली अशाच कोणाच्या तरी वाट्याला येते. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाण्याचा इसराफ करू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाण्याला जो न्याय, तो माणसाच्या रक्ताला नको? दिलेले रक्त ही अमानत आहे.

पण डॉक्टरांना शिकवण्याआधी आपले दस्तरखान पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आमच्या घरात पुरुष आधी जेवतात. गोश्ताचे तुकडे संपले की बायकांच्या वाट्याला रस्सा आणि भाकर. लोहाच्या गोळ्या फळीवर पडून राहतात. आणि मग तीच बाई ऑपरेशनच्या टेबलावर गेली की आम्ही रक्त द्यायला धावतो! त्या धावण्यात प्रेम असते, नाही असे नाही. पण ते प्रेम फार उशिरा पोचते.

मिलादच्या शिबिरात एक टेबल आणखी मांडावे, असे आम्हाला वाटते. तिथे मोहल्ल्यातल्या आयाबहिणींचे हिमोग्लोबिन तपासावे. प्रमाणपत्र नको, फोटो नको. ज्यांचे कमी निघेल, त्यांच्या घरच्या पुरुषांनी इतकेच करावे: त्या रात्री आधी त्यांना वाढावे.