सहा दाते

नाशिकला रविवार कारंजाजवळ एका वस्तादांचं सायकलींचं दुकान होतं. हाताखाली एक पोरगा होता. हुशार, पण घाईचा.

एकदा एक द्राक्षबागायतदार आला. त्याला सायकलवर सप्तशृंगी गडावर जायचं होतं. "चढ मोठा आहे. मागे सगळ्यात मोठी कॅसेट टाक," तो म्हणाला. वस्ताद गावाला गेले होते. पोराने मागच्या चकत्यांची ११ ते २८ दात्यांची कॅसेट काढली, ११ ते ३४ ची चढवली. चेन चकत्यांवर सरकवणारा आणि ताणून धरणारा डिरेलर नवाच होता. तो तसाच ठेवला.

बागायतदार निघाला. दिंडोरी गेली, वणी गेली. नांदुरीला घाट लागला. पुढची मोठी चकती तशीच ठेवून तो मागे हलका गिअर टाकत गेला. शेवटच्या चकतीवर चेन तारेसारखी ताणली आणि पायडल जागीच अडलं.

तो परत आला. "चेन तोकडी पडली," म्हणत पोराने चार कड्या वाढवल्या.

या खेपेला बागायतदार गडावर पोचला. उतरताना पुढे लहान चकती तशीच राहिली आणि मागेही तो सगळ्यात लहान चकतीवर आला. चेन सैल होऊन लोंबली. सायकल खड्ड्यात गेली की चेन निसटे. बसवून बसवून त्याचे हात काळे झाले.

तोवर वस्ताद परतले होते. पोरगा रडकुंडीला आला. "कड्या काढल्या की ताणते, घातल्या की लोंबते. डिरेलरच खराब आहे."

वस्तादांनी डिरेलरची चेन ताणणारी दांडी, म्हणजे केज, ओढून सोडली. स्प्रिंग खणखणीत होती.

"पुढच्या चकत्या किती दात्यांच्या?"

"५० आणि ३४."

"फरक?"

"१६."

"मागचा?"

"३४ तून ११ गेले. २३."

"दोन्ही मिळून ३९. आता हा आखूड केजचा डिरेलर किती दात्यांची सैल चेन ओढून धरतो, बघ."

पोराने खोक्यातला कागद उलगडला. ३३. मग जुन्या कॅसेटची बेरीज केली. १६ आणि १७. बरोबर ३३.

"म्हणजे डिरेलर चांगला आहे," पोरगा हळूच म्हणाला.

"कॅसेटही चांगलीच आहे. पण वरचे सहा दाते कोणी सांभाळायचे? पोरा, वस्तू नुसती चांगली असून भागत नाही. ती शेजारच्याला पेलते का, ते आधी बघावं."

तसं गिऱ्हाइकानेही 'सगळ्यात मोठी' एवढंच मागितलं होतं.

पोराने लांब केजचा डिरेलर आणून बसवला. बागायतदाराने बिल विचारलं. वस्तादांनी डिरेलरचे पैसे घेतले, मजुरी लावली नाही.